नदीपलीकडचं लेथ मशीन

तारणबाई गुडघ्यांवर बसल्या आणि लेथ मशीनच्या पोटाखालची पत्र्याची पट्टी रुमालाने घासू लागल्या. तेलाचा थर जाड होता. तिसऱ्यांदा घासल्यावर नंबर दिसला. हातातल्या कागदाशी त्यांनी एकेक आकडा ताडून पाहिला. तेच मशीन होतं.

“बाई, कपड्यांना तेल लागेल. निघत नाही हो ते,” तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन उभी असलेली वर्कशॉपची मालकीण म्हणाली.

“लागू दे.”

जिच्या दारातून मशीन उचलायला आलो, तिनेच आपल्या कपड्यांची काळजी करावी, हे बाईंना बरं वाटलं नाही.

पतपेढीत त्यांना सगळे तारणबाई म्हणत. कर्जापोटी तारण ठेवलेली प्रत्येक वस्तू गेली एकोणतीस वर्षं त्यांच्याच रजिस्टरात उतरत आली होती. हे लेथ एका फिटरचं. अडीच महिन्यांपूर्वी त्याचे हप्ते थांबले, मग माणूसच दिसेनासा झाला. ‘चोर, मशीन घेऊन पळाला,’ असा निकाल साहेबांनी खुर्चीत बसल्या बसल्या देऊन टाकला. बाई विचारत विचारत नदी ओलांडून दुसऱ्या प्रांतात आल्या. मशीन सापडलं, पण वीस दिवसांपूर्वी ते त्याने या मालकिणीला विकलं होतं.

“मी डोळे झाकून नाही घेतलं, बाई,” मालकिणीने एक कागद पुढे केला. “इथल्या नोंदणी कचेरीत आधी विचारून आले. मशीनवर कुणाच्या कर्जाचा बोजा नाही, असं शिक्का मारून दिलंय त्यांनी. सासऱ्यांचा सगळा फंड घातलाय यात.”

कागद खरा होता. बोज्याची नोंद होती ती बाईंच्या प्रांतातल्या कचेरीत. कायदा तसा सोपा होता: तारण ज्या प्रांतात उभं असेल, तिथला कायदा त्याला लागू. ते सीमेपलीकडे गेलं, तर तिकडे नव्याने नोंद करायला पतपेढीला त्या दिवसापासून चार महिने मिळत. त्या मुदतीत नोंद झाली तर हक्क पतपेढीचा, एक दिवस जरी उशीर झाला तरी विकत घेणाऱ्याचा. हप्ते थांबून अडीचच महिने झाले होते, मशीन हललं असेल ते त्यानंतरच. आज पाचच्या आत कचेरीत अर्ज गेला, की या घराच्या तोंडचा घास जाणार होता.

“हे इकडे आलं कधी?” बाईंनी विचारलं.

“ते मला विचारा,” स्टुलावर बसलेले सासरे म्हणाले. “सूनबाई दवाखान्यात, मुलगा तिच्याजवळ, आणि मी इथे शेडसमोर येरझाऱ्या घालतोय. तेवढ्यात फिटर टेम्पो घेऊन शेजारच्या शेडमध्ये आला. म्हणाला, काका, जरा हात लावा. मशीन जमिनीला टेकतंय तोच फोन वाजला. नात झाली!”

“केवढी आहे नात?”

“पाच महिने नऊ दिवस,” मालकीण म्हणाली. आईला ते मोजावं लागत नाही.

म्हणजे चार महिन्यांची मुदत केव्हाच उलटली होती. म्हातारा थापा मारत असेल, असं बाईंनी मनात आणून पाहिलं, पण ते मनात टिकेना. त्या बाहेर आल्या आणि त्यांनी पतपेढीतल्या हाताखालच्या मुलीला फोन लावला.

“फिटरची फाईल काढ. सहा महिन्यांतलं काही आहे का बघ.”

“एक पाकीट आहे, बाई. न फोडलेलंच. वर तुमच्या अक्षरात लिहिलंय, पत्ता बदलला.”

पाकिटामागचा नवा पत्ता रजिस्टरात उतरवायचा आणि पाकीट फाईलला लावायचं, ही त्यांची जुनी पद्धत. नदीपलीकडे घरभाडं कमी, कितीतरी कर्जदार राहायला तिकडे जात आणि कामाला इकडे येत. त्यांची पत्रं काय वाचायची!

“फोड. वाच.”

“‘इकडे काम मिळत नसल्याने मशीनसकट नदीपलीकडे येत आहे. तारणाच्या नोंदीचे काय ते आपण पाहावे, ही विनंती.’” मुलीने तारीख वाचली. नातीच्या जन्माच्या दोन दिवस आधीची. मग तिचा आवाज खाली आला. “बाई, साहेबांनी ही फाईल अजून पाहिली नाहीये. हे पाकीट... राहू दे ना फाईलमध्ये?”

मुलगी वाईट नव्हती. बाईंच्या निवृत्तीला सात महिने उरलेत आणि कर्मचाऱ्याच्या चुकीने बुडालेलं कर्ज त्याच्या ग्रॅच्युइटीतून कापतात, एवढं तिला ठाऊक होतं.

रस्त्यावरून एक सायकल गेली, मग एक ट्रक गेला. बाईंना फार भीती वाटत होती.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “आणि वाचलंस ते विसरू नकोस.”

कचेरीच्या खिडकीशी मालकीणही मागोमाग आली, मुलीला तशीच कडेवर घेऊन. कारकुनाने अर्ज वाचून मान हलवली.

“मशीन इकडे आल्याची जी तारीख तुम्हीच लिहिलीय, तिच्याप्रमाणे मुदत उलटून गेलीय, बाई. याचा काही उपयोग नाही.”

“माहीत आहे.”

“मग फी कशाला वाया घालवता?”

“मी अशीच परत गेले, तर साहेब उद्या दुसऱ्या कुणाला पाठवतील आणि तो सोयीची तारीख टाकेल. पतपेढीने एकदा तारीख नोंदवली की तिला ती बदलता येत नाही ना?”

“नाही.”

“झालं तर.”

मालकिणीला अर्थ लागायला जरा वेळ लागला. लागला तेव्हा तिने मुलीच्या टाळूवर तोंड टेकवलं आणि ती हमसाहमशी रडू लागली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेलकट रुमाल देण्यासारखा नव्हता.

“एक रकाना रिकामा आहे,” कारकून म्हणाला. “विलंबाचं कारण. ‘अपरिहार्य’ लिहा, सगळे तेच लिहितात.”

बाईंनी अर्ज पुन्हा पुढे ओढला. मशीन विकलं ते फिटरचं चुकलंच. पण तो ते लपूनछपून घेऊन गेला नव्हता. सबंध पतपेढीने त्याला चोर ठरवलं होतं, त्यात त्यांनीही मान डोलावली होती.

त्यांनी सावकाश लिहिलं: ‘कर्जदाराने वेळेवर कळवले होते. पत्र मी उघडले नाही.’ आणि खाली पूर्ण नावाने सही केली.