डाव्या पट्ट्याचा टाका

बाबा गेले तेव्हा झोळीच्या डाव्या पट्ट्यात दाभण तसंच खोचलेलं होतं. ‘एवढा एक जोड राहिलाय, जरा पडतो आणि मग करतो,’ असं म्हणून ते आतल्या खोलीत गेले, ते उठलेच नाहीत.

झोळी माझ्या बाळासाठी होती. लेकराला पोटाशी बांधलं की माझे दोन्ही हात मोकळे राहावेत, एवढाच तिचा उद्देश. पण आईने ती दुकानातल्या खुंटीला लावून ठेवली, दाभणासकट. मी धूळ पुसायला गेले तरी मागून तिचा आवाज यायचा, “राहू दे गं. त्यांनी जिथे ठेवलंय तिथेच राहू दे.”

मी राहू देत होते. बाळ मात्र थांबायला तयार नव्हतं, अंगाने भरत चाललं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर त्याचे पाय झोळीत मावले नसते. मग ती नुसती खुंटीवरची आठवण झाली असती. मी एका हाताने बाळ सांभाळत दुसऱ्या हाताने कणीक मळायचे, कपडे वाळत घालायचे, दाराची कडी काढायचे. आई ते बघायची आणि नजर वळवायची.

आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पिशव्या, दप्तरं, ताडपत्रीची खोळ, जे जाड कापडाचं असेल ते सगळं. आई कापायची, बाबा शिवायचे. गल्ली त्यांना मेजर म्हणायची. प्रत्यक्षात ते साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि शिपाई म्हणूनच घरी आले. पलटणीत त्यांचं काम पॅराशूट घड्या घालून बांधण्याचं. तिथला नियम असा, की साहेब कधीही एखाद्या बांधलेल्या पॅराशूटकडे बोट दाखवून बांधणाऱ्यालाच म्हणू शकतो, ‘घाल आणि मार उडी.’

तो नियम बाबांनी दुकानात आणला. दप्तर शिवलं की त्यात विटा भरून स्वतःच्या पाठीला लावायचे आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे. “मेजर, कुठल्या आघाडीवर?” असं कोणी विचारलं, की “दूध आणायला,” म्हणायचे. बाजारच्या पिशवीचे बंद तपासायला मात्र त्यांना मी लागायचे. पिशवीत मला बसवून, खांद्याला अडकवून फिरवायचे. मी चांगली पळती झाले तरी हा उद्योग चालूच. आई म्हणायची, “लोकांचे नवरे गाडीची ट्रायल घेतात, आमचे पिशवीची.”

आज सकाळी पेपरवाले काका आले. त्यांच्या खांद्यावरची पिशवी बाबांनीच शिवलेली. तिचा पट्टा मुळापासून निघाला होता.

“वहिनी, मेजरांनी आयुष्यभराची गॅरंटी दिली होती,” ते म्हणाले. “मी विचारलं होतं, कोणाच्या आयुष्याची? तर म्हणाले, आपल्या दोघांपैकी जो आधी कंटाळेल त्याच्या.” मग त्यांचं त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. “असू दे. मी दुसरीकडे दाखवतो.”

“दुसरीकडे कुठे?” आई म्हणाली. “ठेवा इथे. स्टॉलवर आणून देते.”

ते गेल्यावर तिने खण उघडले, डबे पालथे घातले. बारीक सुया भरपूर निघाल्या, पण चार पदरी कॅनव्हासमधून जाईल असं दाभण घरात एकच. ती खुंटीसमोर जाऊन उभी राहिली. मी बाळाला कडेवर घेऊन दारात.

तिने दाभण ओढून काढलं. कापडात एक भोक राहिलं, त्यावरून तिने अंगठा फिरवला. मग दोऱ्याला मेण लावलं आणि पेपरवाल्यांचा पट्टा जोडायला बसली. काम झालं. दाभण परत खोचायला ती उठेल असं मला वाटलं.

तिने नवा दोरा ओवला. “ती झोळी दे इकडे.”

बाबांच्या भोकातूनच तिने पहिला टाका घातला.

“तुझा जन्म झाला तेव्हा हे सीमेवर,” मान खाली ठेवूनच ती म्हणाली. “सुट्टीवर आले तर तू चालायला लागलेली. कडेवर घेतलं की खाली उतरायचीस, अनोळखी माणूस म्हणून. पिशवीत बसायला मात्र एका पायावर तयार. पिशवीचे बंद काय गं, ते हाताने ओढूनही कळतात.”

मी बाळाच्या टाळूवर गाल टेकवला.

दोरा तोडून तिने झोळी अंगावर चढवली. आधी तिच्यात बटाटे भरले, घरभर फिरली, वाकली, उठली. “आधी बटाटे, मग नातू,” म्हणत बटाटे टोपलीत ओतले आणि हात पुढे केले.

“अगं, मला बांधू दे ना. माझ्यासाठी आहे ती.”

“टाका कोणी घातलाय? मग आधी मी घालणार.”

बाळाला पोटाशी बांधून, पेपरवाल्यांची पिशवी खांद्याला लावून ती निघाली. मी बाबांच्या स्टुलावर बसले. दोन्ही हात रिकामे. त्यांचं काय करायचं ते क्षणभर सुचेना, मग हे लिहायला घेतलं.

खिडकीतून ती दिसत होती. गल्लीच्या वळणावर थांबली. एक हात बाळाच्या पाठीवर ठेवून तिने टाचा उचलल्या, हलकेच हिंदकळून पाहिलं. डाव्या पट्ट्यावरून हात फिरवला आणि पुढे चालू लागली.