दातोंच्या उजेडातला कोन

वर

डोळ्याचा कोन तपासायचा तर खोली काळोखी लागते. बुबुळाच्या कडेला जी बारीक सांदी असते, जिथून डोळ्यातलं पाणी झिरपून बाहेर जातं, ती म्हणजे कोन. उजेडात बाहुली आकसते, बुबुळ ताणलं जातं आणि चिंचोळी सांदीही उघडी दिसते. उजेडात सगळेच कोन सज्जन.

इपोह शहरातल्या आमच्या डोळ्यांच्या क्लिनिकचे मालक दातो खोर यांनाही हे एके काळी माहीत असावं. पण सुलतानांकडून ‘दातो’ हा किताब मिळाल्यापासून ते अंधारात बसत नाहीत. भिंतीवर किताब घेतानाचा फोटो आहे. तो पेशंटला दिसायला नको?

खाली

(कोन बघायचं भिंग आरशाचं असतं. आरसा वर धरला की खालचा कोन दिसतो. आमच्या क्लिनिकमध्ये बऱ्याच गोष्टी अशाच बघाव्या लागतात.)

याप आंटी आल्या. वय साठीच्या पुढे, तक्रार एकच: संध्याकाळी कपाळ ठणकतं आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. गेल्या वर्षी दातोंनी ‘अर्धशिशी’ म्हणून गोळ्या दिल्या होत्या. यंदाही दातोंनी सगळे दिवे चालू ठेवून, गोल्फबद्दल बोलत, भिंग डोळ्यावर टेकवलं. टेकवलं कसलं, रेललेच त्यावर. डोळा असा दाबला की आतलं पाणी बुबुळाला मागे ढकलतं आणि मिटलेला कोनही फाकतो.

“कोन उघडा आहे,” दातो म्हणाले.

मी त्यांची सहायक डॉक्टर, फांग. एकदा दिवे घालवून बघू या, म्हटलं. त्यावर त्यांनी मला आंटींसकट नव्या स्कॅन मशीनकडे पिटाळलं. ते मशीन दर्शनी हॉलमध्ये, काचेमागे, झुंबराखाली ठेवलंय. सोन्याच्या दुकानातल्या हारासारखं. त्या लखलखाटात स्कॅनमध्येही कोन उघडाच आला.

“बघ,” दातो म्हणाले, “मशीनचंही माझ्यासारखंच मत आहे.”

मशीनला पगार नाही, तरी तेही हांजी हांजी करतं.

जेवणानंतर डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायचा, त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे, असं ठरलं. कोन मिटलेला असताना ते थेंब गेले, तर आंटींचा डोळा पाणी तुंबून दुपारीच दगडासारखा कडक झाला असता. पुढे कदाचित आंधळा.

नाकाकडे

दातो नूडल्स खायला गेले. मी झुंबर बंद केलं.

कानाकडे

अंधारातल्या स्कॅनमध्ये दोन्ही डोळ्यांत बुबुळ कोनाच्या भिंतीला चिकटून बसलं होतं. भिंग हलकेच टेकवून, झोत बाहुलीवर न पाडता पाहिलं. तिथेही सांदीचा पत्ता नाही. उजेडातलं आणि काळोखातलं, दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावून मी थांबले.

दातो दात कोरत आले. चित्रांकडे बघायला त्यांना चष्मा लागला, आणि चष्मा शोधायला बराच वेळ.

“हे अंधारातलं आहे,” ते म्हणाले. “अंधारात राहतं कोण?”

“मी,” आंटी म्हणाल्या.

त्या काय काम करतात, हे कोणी विचारलंच नव्हतं. दातोंनी नाही, मीही नाही. मुगाला मोड आणायचा त्यांचा धंदा. उजेड लागला की मोड हिरवे पडतात, कडू होतात. म्हणून दिवसभर बंद खोलीत, मिणमिणत्या बल्बखाली त्या पाणी शिंपत असतात. या मोडांसाठीच नावाजलेल्या इपोहमध्ये राहून, रोज ते कोंबडीसोबत खाऊन दातोंनी अंधारात कोण राहतं असं विचारावं!

“आंटी, मशीनला काय कळतं,” दातो समजावू लागले, “माझा तीस वर्षांचा अनुभव—”

“दातो, तुमचे थेंब तुमच्याच डोळ्यात घाला. मला ही पोरगी बघेल.” मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “आणि तू तरी आधी माझ्यापाशी तोंड उघडायचं होतंस.”

मी त्याच दुपारी लेझरने दोन्ही बुबुळांना बारीक भोक पाडलं, पाण्याला दुसरी वाट म्हणून. नंतर पुन्हा काळोखात पाहिलं. उजवा कोन सुटला होता. डाव्याचा खालचा भाग मात्र कायमचा चिकटून गेलाय. दाबूनही फाकत नाही. वर्षभराच्या अर्धशिशीची कमाई.

दातो दारातून डोकावले. “वेळेवर पकडलं आपण,” म्हणाले.

आंटींनी डावा डोळा पुसला. “अर्धं,” त्या म्हणाल्या, आणि दारातल्या दातोंना घासूनच बाहेर पडल्या.