अकरा शेपट्या

ठकी दातांच्या कवळ्या बनवायची. आठवडाभर लोकांच्या तोंडात चपखल बसतील अशा हिरड्या घडवायच्या, दाताचा रंग दाताशी जुळवायचा; आणि शनिवारी सकाळी तीच हत्यारं घेऊन जुन्या रोबोंच्या मागे लागायचं. ठकी हे लाडाचं नाव, दादाने ठेवलेलं. दादा जाऊन तेवीस वर्षं झाली होती. नाव तेवढं अंगाला चिकटून राहिलं होतं.

आजचा रोबो तिने कालच जुन्या खेळण्यांच्या दुकानातून उचलला होता. अंतराळात लढणाऱ्यांपैकी एक, वीतभर उंचीचा, सुटे भाग जोडून केलेला. गुडघे खिळखिळे, अंगावर राखाडी रंगाचे थरावर थर, एक खांदा उन्हाने पिवळा पडलेला. तिच्या मनात त्याचं नवं रूप कधीच ठरलं होतं: मोरपंखी अंग, तांबूस खांदे. डोक्यावरची अँटेना नव्हती, नुसतं भोक होतं. तिथे कवळीच्या मसाल्याची नवी ओतू, असं म्हणत तिने स्पिरिटचा बोळा फिरवायला घेतला.

"आंघोळ कर रे राजा, किती दिवसांचा पारोसा आहेस!"

छाती उजळली, पोट उजळलं. पाठीमागे, कमरेच्या खाली, भेगा बुजवायच्या लांबीचा एक गोळा हाताला लागला. कोणीतरी काहीतरी लिंपून टाकलं होतं. तिने बारीक सुईने कड उचकटली. गोळा टचकन निघाला.

आत एक भोक होतं. भोकात अँटेनेचा तुटका खुंट.

ठकीच्या हातातली सुई गळून पडली.

ही चूक जगात दोघांचीच होती. ती आठ वर्षांची, दादा चौदाचा; असाच एक रोबो, खोक्यातला कागद परक्या लिपीतला, त्यातही नेमकं वरचं चित्र फाटलेलं. उरलेला लांब तुकडा कुठे लावायचा ते कळेना. दादाने कमरेखाली भोक पाडलं आणि शेपटी म्हणून चिकटवून दिली. "शेपटीशिवाय तोल जाईल त्याचा. खोटं वाटतं तर मांजराला विचार!" मग पलंगाभोवती फेर धरून दोघं गात सुटली होती:

शेपूट हले, घर हे डुले,
लोखंडाच्या अंगाला आली फुले.

हा तोच असणार. आईने कधीतरी देऊन टाकलेला, दारोदार हिंडून परत आलेला. ठकीने पाऊल उलटं केलं. तळव्यावर साच्यातच उमटलेलं साल होतं. तिने ते वाचलं. भिंग लावून पुन्हा वाचलं.

चार वर्षांपूर्वीचं.

दादा बाबांशी भांडून घराबाहेर पडला होता, आणि महिन्याभराने नदीकाठी सापडलेल्या देहाची बाबांनी शर्टावरून ओळख पटवली होती. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. मग चार वर्षांपूर्वीच्या रोबोला मेलेल्या माणसाची शेपटी कशी फुटली?

ओला रोबो तसाच फडक्यात गुंडाळून ती दुकानात पोचली तेव्हा तिच्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या.

"काय हो, याला मागे काय होतं?"

दुकानदार ओशाळला. "सापडलं का? हा एकाने वापरून परत विकलेला. अहो ताई, हे करणारा एक वल्ली आहे. मोडके रोबो घेऊन जातो, झकास करून आणतो, पण प्रत्येकाला शेपूट! गिऱ्हाइकं विचारतात, रोबो आहे की माकड? म्हणून मीच छाटतो आणि लिंपून टाकतो." त्याने फळीवरची बरणी काढून तिच्यापुढे ठेवली. "आतापर्यंत अकरा."

बरणीत अकरा शेपट्या होत्या.

"का लावतो, विचारलं नाहीत?"

"विचारलं ना. म्हणे, तोल जाईल. म्हणे, मांजराला विचारा. आता बोला!"

ठकीला हसू फुटलं, आणि त्या हसण्याने ती स्वतःच दचकली. "त्याला फोन लावा."

"बोलतो की मी, ओरडू नका त्याच्यावर, बिचारा..."

"लावा म्हणते ना!"

दुकानदाराने मुकाट्याने फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडून घोगरा आवाज आला, "बोला शेठ."

तेवीस वर्षं मनात साठवलेलं सगळं बाजूला राहिलं. बाहेर पडलं ते भलतंच. "बाबांनी तुझा शर्ट ओळखला होता."

आधी श्वास. मग, "ठके?"

तिने फोन कानाशी घट्ट दाबला.

"शर्ट मी एकाला दिला होता," आवाज म्हणाला. "नंतर पेपरात वाचलं."

"म्हणजे आम्ही तुला मेलेला धरलंय, हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"तेवीस वर्षं? याच शहरात?"

"आधी राग होता. मग लाज वाटली. मेलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने दार वाजवायचं गं?" मग त्याने विचारलं, "बाबा?"

"गेले. दुसऱ्याच वर्षी."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. दुकानदार बरणी छातीशी धरून जागच्या जागी थिजला होता.

"आई?" अगदी हळू.

"आहे."

"येऊ?"

हो म्हणायला तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्याला पाच मिनिटं जरी मोकळी मिळाली तरी हा माणूस पुन्हा नाहीसा होईल.

"नको," ती म्हणाली. "पत्ता सांग. मीच येते. आणि फोन ठेवायचा नाही, मी दारात येईपर्यंत बोलत राहायचं. काहीही बोल. पण बोल."