सरोजिनीबाई पुढे बसल्या तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. रंग आकाशी, पण उन्हाने तो इतका उडाला आहे की कोणी राखाडी म्हटले तरी मी वाद घालत नाही. मला गिअर नाहीत. मूठ पिळली की मी निघते, ब्रेक दाबला की थांबते. इतका माझा स्वभाव सरळ आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एका पट्ट्यावरून पुढे सरकत होत्या. त्या गर्दीत माझे वेगळे असे काहीच नव्हते. वेगळी झाले ती दिनानाथरावांनी मला वसईला घरी आणले त्या दिवशी. दिनानाथराव मूळचे देवगडकडचे. गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात ते प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बनवत. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई यांनी माझ्या हँडलला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले आणि मग त्या मागे बसल्या. मागची जागा त्यांची, हे तेव्हाच ठरून गेले.

ते माझे सुखाचे दिवस होते. सकाळी मी दिनानाथरावांना गाळ्यावर सोडायची. संध्याकाळी त्यांची मुलगी ज्ञानदा हिला क्लासहून आणायची. रविवारी आम्ही सांडोरला जायचो. ते सरोजिनीबाईंचे माहेर. त्यांचे थोरले भाऊ हरेश्वरदादा यांची तिथे केळीची वाडी आहे. येताना माझ्या पायदानावर केळीचा घड असे, हँडलला अळूची जुडी लटकत असे, आणि मागे सरोजिनीबाई एका हाताने नवऱ्याचा खांदा धरून दुसऱ्या हाताने पदर सावरत असत. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी भरले की मला मात्र धडकी भरे. तरी मी त्यांना कधी वाटेत सोडले नाही. दिनानाथराव शेजाऱ्यांना सांगत, "हिला फक्त वेळेवर ऑइल द्या. तक्रार म्हणून नाही." ते ऐकून मला फार बरे वाटे.

पुढे ज्ञानदा शिकायला कॅनडात गेली, तिथेच नोकरीला लागली, तिचे लग्न झाले, तिला मुलगी झाली. दिनानाथराव निवृत्त झाले. आणि मग एक दिवस डॉक्टरांनी सांगितले की त्यांना काचबिंदू आहे. समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही. गाडी बंद.

त्या दिवशी त्यांनी मला पार्किंगच्या कोपऱ्यात लावले, वर कापड घातले आणि जाताना सीटवर हात ठेवला. त्यानंतर मी नुसती उभी होते. बॅटरी उतरली. टायर बसले. एका मांजरीने माझ्या पायदानावर पिल्ले घातली. मित्रांनो, काम करून झिजण्याचे दुःख मला कधी झाले नाही. पण उभे राहून गंजण्याचे फार झाले.

मग ज्ञानदाचा फोन आला. त्या वेळी पार्किंगमध्ये वारा चांगला येत होता म्हणून दोघे माझ्या शेजारच्या कट्ट्यावर बसले होते. फोनचा आवाज मोठा केलेला होता.

"आई, आईवडिलांना बोलवायच्या योजनेत माझा नंबर लागला. तुम्हा दोघांचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज भरायचाय. नंतर सहा-सहा महिन्यांचा व्हिसा नको, काही नको. इथंच राहायचं."

सरोजिनीबाईंचे डोळे भरून आले.  फोन ठेवल्यावर दिनानाथराव मात्र हळूच म्हणाले, "तू जा. मला नको तिकडे."

"का?"

"इथं मला खड्डा कुठं आहे ते पाठ आहे. पायरी कुठं आहे ते पाठ आहे. डोळे मिटूनसुद्धा मी भाजी घेऊन येईन. तिथं कोण सांगणार?"

"मी सांगेन."

"तू?" ते हसले. वाईट हसू नव्हते ते. पण सरोजिनीबाई उठल्या आणि त्यांनी माझ्यावरचे कापड काढले.

"ही चालू होईल का?" त्यांनी विचारले.

"मेकॅनिकला बोलावलं तर होईल. का?"

"मी शिकते. तुम्ही मागं बसा."

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांनी शिकाऊ परवाना काढला. शुक्रवारी गोखिवऱ्याचे गाळे बंद असतात, रस्ते मोकळे असतात. तिथे आमची शिकवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी मूठ जोरात पिळली आणि मी त्यांना घेऊन प्लॅस्टिकच्या भंगाराच्या गोण्यांवर जाऊन आदळले. माझ्या अंगावर लांब ओरखडा उमटला. दिनानाथराव धावत आले आणि बाजूचा दगड न दिसल्यामुळे तेही अडखळले.

"लागलं का गं?"

"मला नाही. पण तुम्ही कशाला धावलात? दिसत नाही ना बाजूचं?" गोण्यांवर बसूनच त्या म्हणाल्या.

मग दोघांनाही हसू आवरेना. मला ओरखड्याचे दुःख विसरायला झाले. हळूहळू त्यांचा माझ्यावर हात बसला. विरारला परवान्याच्या परीक्षेत आठचा आकडा काढताना त्यांनी पाय एकदाही टेकवला नाही.

तिकडे अर्जाचे काम चालूच होते. फोटो, बोटांचे ठसे, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी. जिथे जायचे तिथे आता सरोजिनीबाई पुढे आणि दिनानाथराव मागे. पण मागे बसलेल्या दिनानाथरावांचे तोंड काही बंद होत नसे. "डावीकडे रिक्षास्टँड. सावकाश. पुढं गतिरोधक." त्यांना बाजूचे दिसत नव्हते, पण रस्ता पाठ होता ना.

आणि अशात अर्ज अडला. सरोजिनीबाईंच्या जन्माचा दाखला कुठेच नव्हता, म्हणून त्यांनी सांडोरच्या शाळेचा दाखला जोडला होता. त्यावर नाव होते भागू. पासपोर्टवर होते सरोजिनी. तिकडच्या कार्यालयाने विचारले, या दोन बायका एकच आहेत कशावरून? ठरल्या मुदतीत पुरावा आला नाही तर अर्ज रद्द होणार होता.

मित्रांनो, लग्नात दिनानाथरावांच्या आईने ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले होते. तेव्हापासून भागू हे नाव फक्त सांडोरच्या वाडीत उरले होते. मला तर ती हाक रविवारीच ऐकू येई.

वसईच्या कोर्टाच्या आवारात झाडाखाली ॲन्सेल्म वकिलांचे टेबल आहे. मला त्या टेबलाशेजारीच लावले होते, त्यामुळे सगळे ऐकू आले. प्रतिज्ञापत्र लिहिताना वकिलांनी सहज विचारले, "बाई, यांतलं खरं नाव कोणतं?"

 उत्तर दिनानाथरावांनी दिले.

"दोन्ही खरी आहेत, वकीलसाहेब. एक तिच्या आईवडिलांनी ठेवलं, एक माझ्या आईनं. हिला मात्र कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

वकिलांनी पेन खाली ठेवले. "मग आता विचारा."

"तुला कोणतं आवडतं गं?"

सरोजिनीबाईंनी माझ्या आरशात पाहिले. "सरोजिनी आता सवयीचं झालंय," त्या म्हणाल्या. "ज्ञानदाची आई सरोजिनीच आहे. ते राहू दे कागदावर. पण कुणी भागू म्हटलं की मला अजून लगेच वळून बघावंसं वाटतं."

वकिलांनी लिहिले, भागू उर्फ सरोजिनी. सह्या झाल्या, शिक्का बसला. हरेश्वरदादांचीही सही साक्षीदार म्हणून हवी होती, म्हणून आम्ही सांडोरला निघालो. दोन्ही बाजूंना केळी, मध्ये अरुंद रस्ता. दिनानाथराव मागून म्हणाले, "भागू, वळणावर सावकाश घे."

मला करकचून ब्रेक लागला. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. मागचा सायकलवाला बाजूने निघून गेला.

"काय झालं?" दिनानाथरावांनी विचारले.

"काही नाही." सरोजिनीबाईंनी मान मागे वळवली. "परत म्हणा."

"वळणावर सावकाश घे."

"ते नाही."

"भागू," दिनानाथराव म्हणाले. आणि मग आम्ही पुढे निघालो. वाडीत हरेश्वरदादांनी सही केली, "बस जरा, पानी पी," म्हणून दोघांना थांबवून घेतले आणि निघताना सवयीने केळी माझ्या पायदानावर ठेवली.

परतताना दिनानाथराव एक शब्द बोलले नाहीत. रिक्षा आल्या, गुरे आली, मोठा खड्डा आला. शेवटी सरोजिनीबाईंनीच विचारले, "झोपलात की काय? मघाचा गतिरोधक सांगितला नाही तुम्ही."

"तुला दिसला ना?"

"दिसला की."

"मग तिकडचेही दिसतील," दिनानाथराव म्हणाले. "ज्ञानदाला सांग, दोघंही येतोय."

माझ्या पाठीवर असे वाक्य पूर्वी कोणी बोलले नव्हते. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ ओझी वाहिली. त्या दिवसाचे ओझे मला जाणवलेच नाही.

मंजुरी यायला पुढचा सगळा पावसाळा गेला. ती आली तेव्हा सरोजिनीबाई मला घेऊन एकट्याच सांडोरला आल्या. मला हरेश्वरदादांच्या सुनेच्या, रचनाच्या, स्वाधीन करायचे होते. त्यांनी माझी सीट पुसली आणि चावी रचनाच्या हातात ठेवली. हरेश्वरदादा खांबाला टेकून उभे होते.

"भागू, कायमचं वास्तव्य म्हणजे गं? मग येनार नाहीस का कधी?"

"ते सरकारी भाषेतलं कायमचं, दादा. तुझ्या वाडीतलं नाही. मी येणार."

त्या परत जाताना रिक्षात बसल्या, मागच्या सीटवर. ते पाहून मला उगाच वाईट वाटले. पण परवा रचनाच्या फोनवर मी त्यांना पाहिले. जाड कोट घालून त्या मोटारीत बसल्या होत्या, हातात स्टिअरिंगचे चाक होते, आणि शेजारून दिनानाथरावांचा आवाज येत होता, "आता मी काही बोलत नाही हं." बाहेर बर्फाने सगळे पांढरे होते.

आता मी रोज रचनाबरोबर बाजारात भाजी नेते. माझे बरे चालले आहे. तुमच्याकडे मागणे एवढेच, मित्रांनो. घरात एखादे वाहन कापडाखाली उभे असेल तर अधूनमधून ते सुरू करा, थोडे फिरवून आणा. आम्ही चालल्याने झिजतो त्याहून जास्त न चालल्याने खराब होतो. आणि तुमच्या घरात वर्षानुवर्षे मागेच बसलेले कोणी असेल, तर एकदा त्यांना हँडल द्या. तुम्ही मागे बसा, खांदा धरा, आणि रस्ता कितीही पाठ असला तरी थोडे गप्प राहून बघा.