तिसऱ्या कडव्यावरचा चरा

ज्याला रेकॉर्ड विकायची असते तो ती पुसूनबिसून ठेवतो. गनीभाई मात्र सकाळपासून ती कुठे गडप करता येईल का, याच विचारात होता. पण घर दोन खोल्यांचं, रेकॉर्ड बिस्मिल्लाच्या लोखंडी पेटीत हिरव्या कापडात गुंडाळलेली, आणि पेटीची किल्ली तिच्या कमरेला. शेवटी त्याने नाद सोडला, अंघोळ केली आणि ओट्यावर येऊन बसला. नगरची एसटी बंद पडावी, गिऱ्हाइकाचं पोट बिघडावं, असं काहीबाही त्याच्या मनात येऊन गेलं. पण जो यायला नको असतो तो बरोबर वेळेवर येतो. चारला पाच कमी असताना रंगनाथ दारात हजर झाला.

रंगनाथ बँकेतून निवृत्त झालेला माणूस. नगरला घरभर जुन्या रेकॉर्डी जमवून बसलेला. त्याच्या पिशवीत बॅटरीवर चालणारा एक छोटा प्लेअर, भिंग आणि एक जाड वही होती. ही एकच रेकॉर्ड तो बारा वर्षं शोधत होता. श्रीगोंद्याच्या मुक्ताबाईच्या पार्टीने चौऱ्याहत्तर साली मुंबईला जाऊन उसाच्या फडावरची चार गाणी भरली होती. कंपनीने दोनशे रेकॉर्डी काढल्या आणि वर्षभरात कंपनीच बुडाली. आता सगळीकडे मिळून तीन उरल्या असतील, त्यातली एक तडकलेली, असं रंगनाथ सांगत असे.

लेबलवर 'मुक्ताबाई आणि साथी' एवढंच छापलेलं. त्या साथींमध्ये ढोलकीवाल्याची सोळा वर्षांची पोरगी होती, बिस्मिल्ला. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं चालू असताना मुक्ताबाईला खोकल्याची ढास लागली आणि तिसरं कडवं या पोरीने एकटीने उचललं. कंपनीचा माणूस घाईत होता, त्याने तसंच ठेवलं. बिस्मिल्लाचा सबंध आयुष्यात भरून ठेवलेला आवाज म्हणजे तेवढं एक कडवं.

विकायचं तिनेच ठरवलं होतं. त्यांच्या नातवाने, जीशानने, पुण्याहून इंटरनेटवर कुठेतरी फोटो टाकला, रंगनाथचा फोन आला, आणि ती पहिल्या झटक्यात हो म्हणाली. "आपल्या मागं भंगारात जायची," ती म्हणाली. "त्यापेक्षा जानत्याच्या घरी ऱ्हाऊ दे." रंगनाथनेही शब्द दिला होता की वहीत गाणारीचं नाव तो स्वतः लिहील. पैशाचं बोलणं फोनवरच झालेलं. गनीभाईला नाही म्हणायला एकही कारण सापडलं नव्हतं. एक होतं, पण ते तोंडातून काढण्याजोगं नव्हतं.

चहा झाला. बिस्मिल्लाने पेटी उघडली. रंगनाथने हात पुसले, रेकॉर्ड कडांना धरून दारातल्या उन्हात तिरपी केली आणि भिंग डोळ्याला लावलं. एरवी ही दोघं घरात आपल्या बोलीत बोलत, पण पाहुणा आला की मराठी.

"लेबल साफ. मधलं भोक थोडं मोठं झालंय, म्हणजे भरपूर वाजलीय," रंगनाथ बोलत बोलत वहीत लिहीत होता. "कडा शाबूत. पहिली बाजू उत्तम. हे कव्हरवरचं काय आहे, गनीभाई?"

"धंद्याची रीत," गनीभाई म्हणाला. "रेकॉर्ड लग्नाला नेली की कव्हरवर तारीख, गाव आन् नेनाऱ्याचं नाव लिवायचं. पुढं जितक्यांदा वाजली तितक्या रेघा. पिन कधी बदलायची त्याचा अंदाज येतो."

हे सांगताना त्याला बरं वाटलं. फैयाज-गनी साऊंड सर्व्हिस म्हणजे त्या काळी तालुक्यात नाव होतं. दोन मशिनी, चार कर्णे, आणि दोन भागीदार. फैयाज म्हणजे बिस्मिल्लाचा थोरला भाऊ; धंद्यामुळे दोघे भागीदार आपसातही मराठीच बोलत. लग्नसराईत एक कर्जतकडे तर दुसरा साखर फॅक्टरीकडे. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, हे गनीभाईच्या ध्यानात यायला अजून दहा मिनिटं होती.

रंगनाथने रेकॉर्ड उलटी केली आणि त्याचा चेहरा पडला. "अरेरे. हा चरा कसला?"

"माज्या भावानं पाडला," बिस्मिल्ला चटकन म्हणाली. "फैयाज शेख. लिवा त्याचं नाव. फॅक्टरीवरच्या लग्नात प्याला का काय केलं ठावं न्हाई, पिन आपटली. सगळी रेकॉर्ड वाजती, माजं तेवढं कडवं वाजत न्हाई."

"लिहितोच," रंगनाथ म्हणाला. "माझी पद्धतच आहे, भाभी. रेकॉर्डचा एकूण एक दोष लिहायचा, तो कुणामुळे आणि कसा झाला तेही लिहायचं आणि खाली मालकाची सही घ्यायची. उद्या मी नसलो तरी वही राहील. त्यात खोटं नको."

त्याने वही गनीभाईपुढे सरकवली. गनीभाईने पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

चरा फैयाजने पाडला नव्हता. चरा गनीभाईने पाडला होता, घरी बसून, खिळ्याने.

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात कर्जतकडे एक लग्न होतं. गनीभाईच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झालेली. वऱ्हाडातल्या कुणालातरी कळलं की तिसरं कडवं लाऊडस्पीकरवाल्याच्या बायकोने म्हटलंय. मग काय विचारता. पुन्हा लाव, पुन्हा लाव. सात वेळा त्यांनी तेवढंच कडवं लावायला लावलं. शिट्ट्या मारल्या, मशिनीवर नाणी फेकली, आणि एक जण त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, गनी, घरी पन अशीच गाती का रं. गनीभाईला आधी लाज वाटली. सायकलवरून घरी येईपर्यंत तिचा राग झाला. फोडून टाकायची हिंमत नव्हती, कारण बिस्मिल्लाचा जीव होता त्या रेकॉर्डीत. म्हणून त्याने डोळ्याने कडव्याची जागा बरोबर हेरली आणि खिळा तीनदा फिरवला. आठवड्याने ती रेकॉर्ड ऐकायला बसली तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, फॅक्टरीवर फैयाजनं पिन आपटली असंल.

'असंल' म्हणाला होता तो. त्या एका 'असंल'वर बिस्मिल्लाने सख्ख्या भावाला दार बंद केलं. फैयाज एकदाच म्हणाला, मी न्हाई पाडला. मग त्याने गनीभाईकडे पाहिलं आणि त्याबद्दल पुढे एक शब्द बोलला नाही. भागीदारी मोडली. तो शिर्डीला गेला आणि तिथे फुलांचं दुकान टाकलं. सत्तेचाळीस वर्षं दर ईदला एसटीच्या ड्रायव्हरबरोबर गुलाबांची पेटी येते. बिस्मिल्ला ती घरात घेत नाही. गनीभाई ती दर्ग्यावर नेऊन चढवतो, आणि दर वेळी मनाशी म्हणतो की पुढच्या ईदला बिस्मिल्लाला सांगू. अशा पुढच्या ईदी किती झाल्या ते त्याने मोजायचं सोडून दिलं होतं.

आणि आता हे लिहून सही करायची होती. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं कुठे जाणार? फैयाजचं नाव कायमचं त्या वहीत बसलं असतं, आणि खाली गनीभाईची सही. सही करावी तर हे असं, न करावी तर कारण काय सांगावं? इकडे आड, तिकडे विहीर, आणि समोर चष्मा पुसत बसलेला बँकेतला माणूस.

"एकदा वाजवून बघू," रंगनाथ म्हणाला. "किती उडते ते लिहावं लागेल."

प्लेअर सुरू झाला. ढोलकी आली, मुक्ताबाईचा खणखणीत आवाज आला, दोन कडवी झाली. मग एक कोवळा, न भिणारा आवाज चार शब्द गायला, खट खट खट झालं, आणि पुन्हा मुक्ताबाई. बिस्मिल्लाने पदर नीट केला.

"चारच शब्द ऱ्हायलेत माजे," ती म्हणाली.

रंगनाथने पुन्हा भिंग लावलं. या वेळी जास्त वेळ. माणूस सज्जन होता, पण सज्जन माणसाला नको तिथे बारकावा सुचतो.

"भाभी, हा पिनेचा चरा नाही वाटत," तो म्हणाला. "पिन निसटली की एकच बारीक रेघ पडते, तिरपी, कडेपासून आतपर्यंत. ह्या तीन आहेत, आखूड, शेजारी शेजारी. कडवं सुरू झालं की लगेच, ते संपतं तिथपर्यंतच. पुढच्या गाण्याला धक्कासुद्धा नाही. हे कुणीतरी जागा बघून केलंय."

"फैयाजला जागा बगता येत हुती," बिस्मिल्ला म्हणाली. पण आवाज मघासारखा नव्हता.

"थांबा, कव्हरवर दिसेलच की." रंगनाथने कव्हर उचललं आणि बँकेतल्या सवयीने मोठ्याने वाचायला लागला. "मार्च, काष्टी, फ, तीन रेघा. एप्रिल, मांडवगण, ग, दोन रेघा. पाच मे, कर्जत, ग. पुढे सात रेघा. बस, इथेच संपलं."

"फॅक्टरीवरचं वाचा," बिस्मिल्ला म्हणाली.

"ते नाहीये."

"नीट बगा."

"नाही, भाभी. शेवटची नोंद कर्जतची. ग."

गनीभाईच्या जिभेवर आलं होतं की लिवायचं ऱ्हायलं असंल. तोच 'असंल' पुन्हा. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी किती सहज निघाला होता, आणि आता बाहेर पडेना. बिस्मिल्लाने कव्हर रंगनाथच्या हातातून घेतलं. ती वाचायची हळू, पण वाचायची. तिने बोट प्रत्येक ओळीवरून फिरवलं आणि शेवटच्या ओळीवर ठेवलं. फैयाजच्या ओळी वाटोळ्या, नीटस अक्षरात होत्या. एका रेघेचीही चूक न करणारा माणूस होता तो.

"फैयाज लिवल्याबिगर कदी ऱ्हात न्हवता," ती म्हणाली. "ती रेकॉर्ड फॅक्टरीवर गेलीच न्हवती."

बाहेरून दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर गेला. रंगनाथला आता कुठे काहीतरी उमगलं. त्याने वही स्वतःकडे ओढून घ्यायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या ती तितंच," बिस्मिल्ला म्हणाली. "मालकाला इचारा आन् लिवा. तुमची पद्धत हाय न्हवं?"

गनीभाईने दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, ऊन आत आलं होतं, उठून चालायला लागायचं तर कुणी धरलं नसतं. पण बहात्तराव्या वर्षी आपल्याच घरातून पळून माणूस कुठे जाणार?

"मी पाडला," तो म्हणाला. "खिळ्यानं. कर्जतला लोक शिट्ट्या मारत हुते तुज्या आवाजाला. मला सोसलं न्हाई."

"आन् फैयाज?"

"त्याचं नाव मी घेतलं."

बिस्मिल्ला रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर गनीभाईला बरं झालं असतं. तिने रेकॉर्ड कव्हरात घातली, कव्हर कापडात घातलं, आणि कापडाची गाठ मारायला गेली तर ती तिला येईना. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा तिने ती तशीच मांडीवर ठेवली.

"फोन लावा त्याला," ती म्हणाली.

"नंबर कुटं हाय आपल्याकडं..."

"दर ईदला फुलं पोचली म्हनून ओट्यावर जाऊन कोनाशी बोलता? मी काय भिंताड न्हाई, मला ऐकू येतं. लावा. आन् मोट्यानं लावा, मला बी ऐकायचंय."

रंगनाथ उठायला लागला. तिने त्याला हातानेच बसवलं. "तुमी बसा. वहीत खरं लिवायचंय तुमाला."

गनीभाईने नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन तळहातावर धरला. घंटी वाजत राहिली. उचलू नको, उचलू नको, असं तो मनात म्हणत होता. पाचव्या घंटीला पलीकडे बाजाराचा गलका आला आणि मग फैयाजचा म्हातारा, घोगरा आवाज.

"बोल गनी. आज ईद न्हाई, बीद न्हाई. बिस्मिल्ला बरी हाय न्हवं?"

बिस्मिल्लाने तोंडावर पदर धरला.

"बरी हाय," गनीभाई म्हणाला. "फैयाज, त्यो चरा मी पाडला हुता. रेकॉर्डवरचा."

पलीकडे कुणीतरी हाराचा भाव विचारत होतं. फैयाजने त्याला थांब म्हटलं. मग तो दुकानाच्या मागे गेला असावा, कारण गलका कमी झाला.

"मला ठावं हाय, गनी," तो म्हणाला. "तवाच ठावं हुतं. खिळा माज्याच पेटीतला घेतला हुता तू, परत ठेवलास त्यावर काळं लागलं हुतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोलून काय झालं आसतं? तिला भाऊ तोडता आला, जगली. नवरा तोडून कुटं गेली आसती? पोटुशी हुती ती." फैयाज खोकला. "आता तू म्हातारपनी हे कुटं काडू नको. एवडी वर्सं लपलं, लपू दे. तिला सांगू नको. तुला माजी शपत हाय."

गनीभाईचा हात खाली यायला लागला. बिस्मिल्लाने आपला हात त्याच्या हाताखाली धरला, फोन होता तिथेच राहिला.

"गनी?" फैयाज म्हणत होता. "ऐकतोस न्हवं? सांगनार न्हाईस न्हवं तिला?"

फोनवरचे सेकंद पुढे सरकत होते. रंगनाथच्या हातात पेन उघडंच होतं. बिस्मिल्ला गनीभाईच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिने त्याचा हात सोडला नाही.