बाबांचं पहिलं हॉटेल

माझा नवरा अनुप न्युरेम्बर्गला इंजिनिअर आहे, पण त्याचं खरं कौशल्य स्वस्तात जेवण्यात आहे. २००६च्या मे महिन्यात आम्ही माझ्या सासऱ्यांना घेऊन चार दिवस स्पेनमधल्या कातालोनियाला गेलो, तेव्हा विमानातच त्याने आमची शिकवणी घेतली.

"फोटोवाला मेनू दिसला की पळायचं. समुद्राकडे पाठ करायची. दुपारी रंगारी आणि गवंडी ज्या दारातून आत शिरतात, त्याच दारातून आपण शिरायचं. नऊ युरोत तीन पदार्थ, पाव, वाइन, पाणी, सगळं आलं. गेनाऊ?"

"गेनाऊ," मी म्हणाले. म्हणजे, अगदी बरोबर. जर्मनीत इतकी वर्षं काढल्याचा हा एक फायदा, नवऱ्याशी वाद टाळायला आयता शब्द मिळतो.

शिकवणी उत्तम होती. फक्त तिकडच्या खानावळी दीड वाजल्याशिवाय उघडत नाहीत, आणि अनुपच्या पोटातले जर्मन कावळे बाराच्या ठोक्याला ओरडायला लागतात. मग हे महाशय बंद दारासमोर येरझाऱ्या घालत आणि घड्याळावर चिडत.

खरी पंचाईत बाबांची होती. बाबा म्हणजे माझे सासरे, नामदेव वाघमारे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. हॉटेलची पायरी चढायची नाही, हा त्यांचा नेम. न्युरेम्बर्गमध्येही ते आम्हाला रेस्टॉरंटच्या दारापर्यंत सोबत करत आणि घरी जाऊन स्वतःपुरता भात लावत. इथेही आम्ही आत जेवायचो आणि बाबा बाहेर बाकावर बसून मी केलेल्या दशम्या खायचे. कारण विचारलं की नऊ युरोला छपन्नने गुणून दाखवायचे. "पाचशे रुपयांची मसुराची आमटी? तुमची तुम्ही खा बाबांनो."

सासरे बाकावर आणि सून आत बसून गिळतेय, हे मला सहन होईना. शेवटच्या दिवशी मी सरळ सांगून टाकलं, "अहो बाबा, आज तुम्ही आत आला नाहीत तर मीही जेवणार नाही."

सुनेला उपाशी ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. कुरकुरत का होईना, आले.

जिरोनाजवळच्या एका गावातली ती खानावळ अगदी गच्च भरली होती. मालकीणबाईंनी आम्हाला एका लांब टेबलावर, प्लास्टरने पांढऱ्या झालेल्या गवंड्यांच्या शेजारी बसवलं. टेबलावर वाइनचं काचेचं भांडं हातोहात फिरत होतं. झारीसारखं, लांब निमुळत्या चोचीचं. त्याला तोंड लावायचं नाही, वर धरून धार तोंडात सोडायची. अनुपने लगेच प्रयोग केला आणि नवा शर्ट लाल करून घेतला. सगळं टेबल हसलं. बाबासुद्धा हसले.

शेजारच्या म्हाताऱ्या गवंड्याने ते भांडं बाबांपुढे धरलं. बाबांनी हात जोडले. पंचशील पाळणारा माणूस, दारूला शिवायचा नाही. मालकीणबाईंनी ते पाहिलं आणि तसंच दुसरं भांडं पाणी भरून आणलं. ते त्यांनी नेमकं बाबांसमोर ठेवलं.

बाबांचं हसू गेलं. ते उठले. "मी बाहेर बसतो."

"बाबा, काय झालं?"

"माझं भांडं वेगळं आणलं." आवाज इतका हळू की मला वाकावं लागलं. "गावातल्या हॉटेलात आमचे कप बाहेर खुंटीला असायचे. पाणी मागितलं की वरून ओंजळीत ओतायचे. तेव्हाच ठरवलं होतं, परत कुठल्या हॉटेलात जायचं नाही."

असले अनुभव मी सभांमधून ऐकले होते. पण ते माझ्याच घरात, छपन्नच्या पाढ्यामागे लपून बसलेत, हे मला ठाऊक नव्हतं. अनुपलाही नव्हतं. त्याने हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला. मला रडू यायला लागलं.

"अहो, पाणी पिणारे तुम्ही एकटेच, म्हणून आणलं असेल," मी म्हणाले. बाबांनी मान हलवली, पण बसले नाहीत.

म्हाताऱ्या गवंड्याची समजूत वेगळीच झाली. त्याला वाटलं, ह्यांना असं पिता येत नाही, म्हणून लाजले. त्याने बाबांसमोरचं पाण्याचं भांडं उचललं, मान मागे टाकून धार घशात सोडली, तोंड पुसलं आणि भांडं बाबांच्या हातात दिलं. घ्या, जमेल, असं काहीतरी म्हणाला.

बाबा क्षणभर घुटमळले. मग त्यांनी भांडं उंच धरलं. जन्मभर तांब्या वर धरून पाणी प्यायलेला माणूस! एक थेंब सांडला नाही. टेबलावर टाळ्या पडल्या. गवंड्याने ते बाबांच्या हातून परत घेतलं, पुन्हा प्यायला आणि पुढच्याला दिलं. आता प्रत्येकालाच तेच हवं होतं. वाइन तशीच बाजूला राहिली. बाबा उभ्या उभ्या त्या भांड्याकडे बघत होते. ते टेबलाच्या टोकापर्यंत गेलं आणि रिकामं होऊन त्यांच्याच हातात परत आलं.

तेव्हा बाबा खुर्ची पुढे ओढून ऐसपैस बसले. रिकामं भांडं डोक्यावर उंच धरलं आणि अख्ख्या खानावळीला ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीत ओरडले,

"ओ बाई! पाणी आणा इकडे, सगळ्यांना!"