कडेचा धूर

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. खिडकीची नाही हं, कॅमेऱ्यातली. उजेडासमोर धरलं की माझ्यात फोटो दिसतो, पण सगळा उलटा. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं.

एका लढाईच्या आदल्या दिवशी फोटोवाल्याने घोडागाडीतल्या अंधारात माझ्यावर फोटो उमटवणारं औषध ओतलं आणि मला ओलीच कॅमेऱ्यात बसवलं. वाळले तर कामातून गेले, म्हणून त्याची नुसती धावपळ. समोर शिपाई रांगेत उभे. तेव्हा फोटो चुटकीसरशी निघत नसे, पुतळ्यासारखं उभं राहावं लागे. त्याने सगळ्यांना बजावलं, "हलला तो गेला."

कडेला चुळबुळ्या नावाने ओळखला जाणारा शिपाई होता. शेजाऱ्याच्या मानेवर गांधीलमाशी बसली, ती हाकलायला याने हात उचलला. झालं! बाकीच्यांच्या मिशीचा केस न् केस उमटला आणि याचा नुसता धूर. फोटोवाला चरफडला, पण आता काय करणार?

दुसऱ्या दिवशी चुळबुळ्या लढाईत पडला. शेजारी वाचला.

माझ्यावरून पुष्कळ फोटो छापले, लोकांनी कौतुकाने घेतले. पण छापणारे कड कापून टाकायचे. धूर कोणाला हवा? पुढे लढाई लोक विसरले. माझ्या कितीतरी बहिणी रोपांच्या काचघराला लागल्या, उन्हात पुसल्या गेल्या. मी मात्र खोक्यात राहिले आणि संग्रहालयात आले. मऊ कापड, बंद कप्पा. सुखाचे दिवस.

तिथे काचा साफ करणाऱ्या ताई आल्या. हात फार हलका. माझ्या कडेला बुरशी चढली होती. कापसाच्या बोळ्याने ती काढता काढता त्यांना धूरही बुरशीच वाटला. मी काच, बोलणार कशी?

मग एक आजी लेकीला घेऊन मला बघायला आल्या. वाचलेला शेजारी त्यांच्या पणजीला घरी येऊन सांगून गेला होता, फोटोत कडेला धूर दिसेल, तोच तुमचा माणूस, माझ्या मानेवरची गांधीलमाशी हाकलायला हलला. ते घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले. लेक हसून म्हणाली की आमच्यात कोणाचाच फोटो नीट येत नाही, सगळे चुळबुळे.

ताईंनी मला उजेडावर ठेवलं. आजी चष्मा सावरून वाकल्या, बराच वेळ शोधत राहिल्या.

"इथे धूर होता ना?"

"तो डाग होता, आजी. मी काढला. बघा, किती लख्ख झालीये."

"डाग नव्हता गं बाई. आमचे पणजोबा होते."

ताई खुर्चीत बसल्याच. आजी रागावल्या नाहीत. गांधीलमाशी कोणाच्या मानेवर बसली असेल, ते एकेक चेहरा बघत शोधत राहिल्या.

मित्रांनो, आता मी अगदी स्वच्छ आहे. येणारे तसं म्हणतात. तुमच्या घरातही एखादा जुना फोटो असेल, कडेला काहीतरी धूसर असलेला. पुसायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, हे कोण?